उघडून जोडलेल्या प्रिंटरचं दुखणं

इंकजेट प्रिंटरची दुखणी दोन प्रकारची. शाई वाळते, रबर झिजतं, धूळ बसते, हा पहिला प्रकार. ही वयोमानानं येतात. दुसरा प्रकार घरात कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसल्यानंतर सुरू होतो. बेळगावात दुरुस्तीचं काम करताना माझ्या टेबलावर या दुसऱ्या प्रकारचे प्रिंटर बरेच येतात. आणणारा मात्र तसं कबूल करत नाही. मराठी गिऱ्हाईक म्हणतं, "काय नाही वो, जरा साफ केलो." कन्नड गिऱ्हाईक म्हणतं, "नावेनू माडिल्ल री." शेवटी दोघांच्याही खिशातून एक उरलेला स्क्रू निघतो.

घरी प्रिंटर उघडूच नये, असं माझं म्हणणं नाही. पण उघडून जोडल्यानंतर नवीनच काही बिघडलं, तर आधी संशय घ्यावा तो हाताळलेल्या भागांवर. हेड किंवा बोर्ड गेला असं ठरवून पैसे मोजायची घाई नको.

वडगावच्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. घरीच कन्नड-मराठी अर्ज टाइप करून छापून द्यायचे, हा त्यांचा उद्योग. शाळाप्रवेशाचा हंगाम म्हणजे त्यांची कमाई. नेमक्या त्याच दिवसांत भाच्यानं मोबाइलवर बघून प्रिंटर साफ केला. नंतर सुरू करताच आतली गाडी उजव्या बाजूला धाडकन आदळायची आणि सगळे दिवे लुकलुकायला लागायचे. एका ठिकाणी "बोर्ड गेला, नवाच घ्या" असं सांगितलं गेलं आणि ताईंनी भिशी उचलायचं ठरवलं. त्याआधी एकदा दाखवू म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

इथं थोडं यंत्राच्या आत जावं लागेल. शाईचं हेड घेऊन डावी-उजवीकडे धावणारी ती गाडी, म्हणजे कॅरेज, आपण नेमकी कुठं आहोत हे एका पारदर्शक पट्टीवरून ओळखते. दुकानात तिला एन्कोडर स्ट्रिप म्हणतात. ती बोटभरही रुंद नसते, दिसायला साध्या प्लास्टिकची, पण तिच्यावर डोळ्यांना धड न दिसणाऱ्या बारीक उभ्या रेघा असतात. अनेक यंत्रांत इंचाला दीडशेच्या वर. कॅरेजच्या पाठीमागच्या खाचेतला प्रकाशाचा सेन्सर त्या रेघा मोजत जातो. हेडमधून उडणारा शाईचा थेंब काही पिकोलिटरचा, आणि एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. असा थेंब ठरल्या जागी पडायचा, तर मोजणी चुकून कशी चालेल? रेघा दिसेनाशा झाल्या की गाडी आंधळी होते आणि भिंतीवर जाऊन आदळते.

ताईंच्या प्रिंटरमध्ये पट्टी दोन्ही टोकांना नीट अडकवलेली होती. मात्र ती खाचेतून न जाता खाचेच्या मागून गेली होती. शिवाय मधोमध ग्रीसचा अंगठा उमटलेला. पट्टी काढली, मऊ कापड पाण्यानं किंचित ओलं करून पुसली (तीव्र रसायन वापरलं तर रेघाच पुसल्या जाण्याची भीती असते), खाचेतून ओवून पुन्हा स्प्रिंगला अडकवली. दहा मिनिटांचं काम. "एवढंच होतं?" म्हणून ताई बघतच राहिल्या. भिशी वाचली.

कागद सरकवणाऱ्या रोलरच्या टोकाला अशाच रेघांची एक गोल चकती बऱ्याच यंत्रांत असते. तिच्यावर शाई किंवा तेल उडालं की कागद कमी-जास्त सरकतो आणि छापलेल्या मजकुरात आडवे पांढरे पट्टे येतात. मग लोक हेड साफ करण्याचा हुकूम पुन्हा पुन्हा देत बसतात. त्यात शाई वाया जाते आणि तळातला टाकाऊ शाई शोषणारा पॅड लवकर भरतो. दोष तिसरीकडेच.

तेलाचं तर विचारूच नका. कॅरेजच्या दांड्याला शिलाई मशीनचं तेल, एकदा तर चक्क खोबरेल घातलेलं मी पाहिलं आहे. आपल्याकडच्या थंडीत खोबरेल थिजतं, हे बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. प्रिंटर त्याला अपवाद कसा असेल? दांडा स्वच्छ पुसून यंत्राला चालेल अशा ग्रीसचा अगदी पातळ हात पुरतो.

आवाज ऐकायला शिकावं. लयीत 'टक-टक' आली तर गिअरचा दात तुटलेला किंवा दातांत काहीतरी अडकलेलं. 'खर्र' करून पट्टा जागेवरच घसरत असेल, तर तो ताणणारी स्प्रिंग बसवायची राहिली आहे. कॅरेज एकाच ठिकाणी अडत असेल तर टॉर्च घेऊन बघा: लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला की त्याचं टोक आत डोकावतं. बाहेरून शाईच्या टाक्या जोडल्या असतील तर नळ्या बघा. आखूड पडल्या तर गाडी ओढतात, लांब झाल्या तर झाकणात अडकतात. आणि कॅरेज उजव्या कोपऱ्यात विसावलेली असताना हातानं ओढू नका; तिथं तिला कुलूप असतं, ते मोडतं. छपाई चालू असताना ती मध्यावर आली की प्लग काढायचा, मग ती हातानं हलते.

कागद न ओढण्याची तक्रार पावसाळ्यात वाढते. आमच्या पावसात कागद दमट होतो आणि दोन-तीन ताव एकदम जातात. पण उघडल्यानंतरच ही तक्रार सुरू झाली असेल, तर मागचं झाकण पुरतं बसलंय का आणि मुलांनी पेनचं टोपण आत टाकलंय का, हे आधी पाहावं.

एका ठिकाणी मात्र मी कडक आहे. हेडकडे जाणारी पांढरी चपटी केबल काढली असेल, तर ती परत अगदी सरळ बसली आहे आणि कोरडी आहे, याची खात्री होईपर्यंत प्लग लावायचा नाही. तिरकी बसली किंवा तिच्यावर शाई असली तर शॉर्ट होऊन हेड आणि बोर्ड दोन्ही जाऊ शकतात. हेडची किंमत म्हणजे नव्या प्रिंटरच्या किमतीचा मोठा हिस्सा. तिथं मीही दुरुस्तीचा आग्रह धरत नाही.

सगळं जोडून झाल्यावर पहिली छपाई लग्नपत्रिकेची करू नका. आधी चाचणीचं पान काढा, मग पाच-सात साधी पानं. काम संपलं की प्रिंटर त्याच्याच बटणानं बंद करा, भिंतीवरच्या स्विचनं नको. बटण दाबल्यावर हेड कोपऱ्यातल्या रबरी टोपीवर जाऊन बसतं आणि शाई ओली राहते. मधेच वीज गेली तर हेड उघडंच राहतं. वीज आली की प्रिंटर एकदा चालू करून पुन्हा बटणानं बंद करायचा.