शेवटचा उंदीर

घरात उंदीर झाले की आपण पिंजरा लावतो. दोन-चार सापडतात, काही दिवस शांतता, मग पुन्हा खुडबुड. घरात हे चालून जातं. पण ज्या बेटावर पक्षी जमिनीवरच घरटी करतात, तिथे चालत नाही. आज आम्ही अशाच एका बेटाविषयी सांगणार आहोत.

दक्षिण अटलांटिक महासागरात साउथ जॉर्जिया हे बर्फाळ बेट आहे. तिथे मुळात उंदीर नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सील आणि पुढे देवमासे मारायला जहाजं येऊ लागली, त्यांतून ते उतरले. तिथे झाडं नाहीत. पक्षी गवतात किंवा बिळात अंडी घालतात. उंदरांनी अंडी-पिल्लं फस्त केली. तिथली तिरचिमणी जगात दुसरीकडे कुठेच नाही. उंदीर पोचले नव्हते, तेवढ्याच जागी ती उरली.

मग उंदीर समूळ संपवायचं ठरलं. एक गाभण मादी जरी राहिली, तरी सगळी मेहनत वाया. हिमनद्या उंदरांना ओलांडता येत नाहीत. त्यामुळे बेटाचा एकेक भाग वेगळा साफ करता आला. पण हिमनद्या आटत होत्या, म्हणून घाईही होती. २०११, २०१३ आणि २०१५ मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी गोळ्या टाकल्या. हे विष सावकाश भिनतं, त्यामुळे उंदरांना खाण्याचा संशय येत नाही. विषाने काही पक्षीही दगावले, पण त्या जाती टिकल्या.

नंतर दोन वर्षं थांबून वास घेणाऱ्या कुत्र्यांनी बेट पालथं घातलं. एकही उंदीर सापडला नाही. मे २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. तिरचिमण्या परतल्या.

सगळीकडे असं यश येत नाही. त्याच महासागरातल्या गॉफ बेटावर छोटे उंदीर अल्बाट्रॉसची पिल्लं जिवंतपणी कुरतडतात. तिथे २०२१ मध्ये अशीच मोहीम झाली. त्याच डिसेंबरात पुन्हा उंदीर दिसला.

म्हणून साउथ जॉर्जियाला आता जहाजांवर कडक नजर असते. माल तपासतात, प्रवाशांचे बूट-कपडेही स्वच्छ करून घेतात. उंदीर घालवायला कित्येक वर्षं लागली; परत यायला एक जहाज पुरे.