छावणी आणि मैदान (लेखांक ६) : आधी पलटण की आधी खेळ?

पहाटे नगरहून जामखेडच्या दिशेनं निघालं, की रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं दिसू लागतात. भरतीच्या मैदानी चाचणीत साडेपाच मिनिटांत सोळाशे मारलं की पूर्ण ६० गुण, बीमवर दहा पुलअप काढले की ४०, हे गणित वर्षानुवर्षं त्यांना पाठ आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र अशी लष्कराची दोन मोठी ठाणी ज्या शहरात आहेत, तिथं पोरं पळतात ती वर्दीसाठी.

त्यामुळे अमेरिकेत चाललेला एक वाद इथं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अजब वाटेल. तिथल्या लष्करी अकादमींत शिक्षणाचा सगळा खर्च सरकार करतं आणि त्या बदल्यात पदवीधरानं किमान पाच वर्षं सेवा द्यायची असते. मग त्याच पदवीधराला एखाद्या व्यावसायिक संघानं निवडलं तर? आधी खेळून घे, सेवा नंतर दे, असं म्हणायचं का? २०१६ साली संरक्षण खात्यानं तशी मुभा दिली, २०१७ मध्ये संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांनी ती काढून घेतली, २०१९ मध्ये ती पुन्हा मिळाली. २०२१ साली कॅमेरॉन किनली या फुटबॉलपटूला नौदलानं आधी नकार दिला आणि थोड्याच दिवसांत तो निर्णय फिरवला गेला.

जुनी उदाहरणं जास्त बोलकी आहेत. रॉजर स्टॉबॅक १९६५ साली नौदल अकादमीतून बाहेर पडला, व्हिएतनामसह चार वर्षं नोकरी केली आणि १९६९ मध्ये डलासच्या फुटबॉल संघात दाखल झाला. बास्केटबॉलचा डेव्हिड रॉबिन्सन १९८७ च्या निवडीत देशात पहिला होता. सॅन अँटोनियोच्या संघानं त्याची सेवा होईपर्यंत दोन वर्षं वाट पाहिली. दोघांचीही कारकीर्द त्यानं काही अडली नाही.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात उभा राहत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा, आणि स्वतःच्या कारणानं कुणी मधेच सोडून गेलं तर भरपाई पालकांनी करायची. सेवा पुढे ढकलून लीग खेळायला जाण्याची वाट तिथं नाही. जे खेळले ते अंगावर वर्दी ठेवूनच. पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी लष्करी अधिकारी होते. १९४७ ते १९५९ या काळात ते २१ कसोट्या खेळले आणि वेस्ट इंडीजविरुद्ध दिल्लीच्या शेवटच्या कसोटीत, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, भारताचे कर्णधार झाले. प्रबोधिनीतून बाहेर पडलेले राज्यवर्धन राठोड ग्रेनेडियर्समध्ये दाखल झाले, काश्मिरात राहिले, नेमबाजीकडे उशिरा वळले आणि २००४ साली अथेन्सला रौप्यपदक घेऊन आले, तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते.

पण नगरकरांना सर्वांत जवळचं उदाहरण अविनाश साबळेचं. त्याचं मांडवा गाव बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, म्हणजे नगरच्या शेजारीच. शाळा सहा किलोमीटरवर, एसटी नाही, म्हणून पोरगा चालत-पळत जायचा. बारावीनंतर तो ५ महार बटालियनमध्ये भरती झाला. सियाचीन, मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. क्रॉसकंट्रीत तो उतरला २०१५ मध्ये, आणि तिथून प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. तीन हजार मीटरच्या या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. ठोकरलं तरी न पडणारा, जवळपास ९१ सेंटीमीटर उंचीचा तो जाडजूड लाकडी ओंडका दमलेल्या पायांनी ओलांडायचा असतो.

२०१८ साली भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनी यांचा ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक; सुवर्ण हुकलं ते अवघ्या पाच शतांश सेकंदांनी. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्णपदक. सेवा पुढे ढकलायची मुभा मिळाली असती, तर अविनाशनं नेमकं काय पुढे ढकललं असतं? त्याचा खेळच मुळात पलटणीत जन्मला.

अर्थात हा दाखला प्रत्येक खेळाला लागू नाही, आणि इथं प्रामाणिक राहायला हवं. नेमबाज पस्तिशीत बहरतो, लांब पल्ल्याचा धावपटू पंचविशीनंतर. जलतरणपटूची किंवा जिम्नॅस्टची उमेदीची वर्षं मात्र विशीच्या आसपासच असतात. अशा खेळाडूला दोन वर्षं सीमेवर ठेवणं म्हणजे त्याचा खेळ संपवणं. लष्करानं यावर आपल्या परीनं तोड काढली आहे: बॉईज स्पोर्ट्स कंपन्यांत शाळकरी मुलांनाच निवडायचं, आणि तयार खेळाडूंना थेट हवालदार किंवा नायब सुभेदार म्हणून घ्यायचं. नीरज चोप्रा २०१६ मध्ये असाच राजपुताना रायफल्समध्ये आला. २००१ पासून पुण्यात मुंढव्याला उभी असलेली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट याच धोरणाचं फळ आहे.

तरीही जवान-खेळाडू आणि अकादमीतला अधिकारी यांना एकाच मापानं मोजता येणार नाही. पहिल्याला खेळासाठीच घेतलेलं असतं. दुसऱ्याच्या हाती मात्र बाविशीत तीसेक माणसांची प्लाटून येते. ती सांभाळण्याचं शिक्षण तिशीनंतर, लीगमधून निवृत्त होऊन घेता येत नाही. म्हणून पदवीधर अधिकाऱ्याला सरसकट सवलत देऊ नये. रॉबिन्सनसारखी आधी दोन वर्षं पलटणीत, मग खेळाला मोकळीक, ही रीत आपल्यालाही पटण्याजोगी आहे. आणि ज्याचा खेळ तेवढीही वाट पाहू शकत नाही, त्यानं खर्च परत करून उजळ माथ्यानं बाहेर पडावं. त्याला कुणी पळपुटा म्हणू नये.

(पुढच्या आठवड्यात : बेळगावचं मराठा केंद्र आणि तिथल्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीतले मल्ल)