दिवसाला दीड किलो मिठाची ने-आण

निरोगी मूत्रपिंडांत दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातून जवळपास दीड किलो मिठाइतकं सोडियम नलिकांमध्ये उतरतं आणि ९९ टक्क्यांहून अधिक रक्तात परततं. साधारण दोन-तृतीयांश काम सुरुवातीची नागमोडी नलिकाच उरकते. ग्लुकोजही तिथे सोडियमच्या जोडीनेच आत येतं.

नलिकेचाच पुढचा भाग असलेल्या हेन्लेच्या लूपची जाड, वर चढणारी बाजू आणखी २५ टक्के सोडियम उचलते, पण पाण्याला मात्र वाट देत नाही, हे खरोखर विलक्षण! फ्युरोसेमाइड हे औषध सोडियमला नेमकं इथेच अडवतं, म्हणून त्याने लघवी इतकी वाढते. थायझाइडच्या गोळ्या पुढच्या छोट्या टप्प्यावर काम करतात.

शेवटी संग्राहक नलिकेत अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा अंमल. वाटा जेमतेम दोन-तीन टक्के, तरी रक्तदाबासाठी सर्वांत महत्त्वाचा: लिडल सिंड्रोम या आनुवंशिक आजारात इथल्या सोडियमवाहिन्या गरजेपेक्षा जास्त सोडियम ओढतात आणि तरुणपणीच रक्तदाब चढतो.