केरसुणीच्या काड्यांसारखा नेचा

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सायलोटम न्यूडम पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, कुणीतरी केरसुणीच्या चार हिरव्या काड्या बरणीत घालून ठेवल्यात. मुळं नाहीत. पानं म्हणावीत तर नुसते बारीक खवले. एका काडीच्या दोन, दोनाच्या चार असे फाटे, आणि त्यांवर मधूनमधून पिवळे मणी. आकृतीखाली मी ‘जिवंत जीवाश्म’ असं लिहिलं. पूर्ण गुण मिळाले. उत्तर चुकलेलं होतं.

चुकीला कारणही तसंच होतं. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती सापडल्या. किडस्टन आणि लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात त्यांचं वर्णन केलं. त्यांनाही मुळं-पानं नव्हती, फांद्यांना असेच दोन-दोन फाटे. तोंडवळा इतका जुळला की सायलोटमला थेट त्यांच्याच घराण्यात बसवलं गेलं. मधल्या कोट्यवधी वर्षांचा दुवा सांधणारा जीवाश्म मात्र कुणाच्या हाती नव्हता.

पुढे डीएनए वाचता येऊ लागला आणि ही वंशावळ कोसळली. सायलोटम नेचाच निघाला. त्याचा सगळ्यात जवळचा भाऊबंद म्हणजे ऑफिओग्लॉसमचं कुटुंब. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर एकच पान उभं करणारा छोटासा नेचा असतो ना, तोच. म्हणजे सायलोटमकडे मुळं-पानं आधीपासून नव्हती असं नाही. त्याच्या पूर्वजांकडे ती होती आणि ओघात गेली. आता जमिनीतलं खोड बुरशीच्या भागीदारीत पाणी आणि क्षार मिळवतं, तर अन्न तयार करायचं काम हिरव्या काड्या करतात. लिनीयसने १७५३ मध्ये त्याला लायकोपोडियममध्ये घातलं होतं. नेच्यांच्या २०१६च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो पॉलिपोडिओप्सिडा वर्गात, सायलोटेसी कुळात आहे. या कुळात प्रजाती दोनच: सायलोटम आणि मेसिप्टेरिस.

पिवळे मणी पाहून बहुतेकांना फळं आठवतात. जपानी लोक तर या झाडाला ‘पाइनच्या पानांचं ऑर्किड’ म्हणतात. ते पाइनही नाही आणि ऑर्किडही नाही. प्रत्येक मणी म्हणजे तीन बीजाणुपिशव्या एकमेकींना चिकटून झालेला गोळा. त्यात बी नसते, बीजाणूंची भुकटी असते. हवाईत अंगाला कापड घासू नये म्हणून ही भुकटी टाल्कम पावडरसारखी वापरत.

बीजाणू रुजला तरी लगेच काडी उगवत नाही. आधी जमिनीखाली, किंवा झाडाच्या सालीच्या फटीतल्या कुजक्या मातीत, तपकिरी रंगाचं काही मिलिमीटरांचं एक शरीर तयार होतं. त्यात हरितद्रव्य नाही. बुरशी भरवेल त्यावर ते जगतं. अंडपेशी आणि शुक्रपेशी याच्याच अंगावर तयार होतात. शुक्रपेशीला अनेक शेपट्या असतात, पण पोहायला ओलाव्याचा पातळ थर लागतो. फलन झालं की मग नवी काडी. इतर बहुतेक नेच्यांमध्ये ही पिढी हिरवी, पातळ आणि उघड्यावर असते. इथे ती अंधारात असल्यामुळे शोधणाऱ्याला सहज सापडत नाही. त्यातही एक गंमत आहे: काही वेळा या चिमुकल्या शरीरात पाणी वाहणाऱ्या नलिकांचा धागा आढळतो. नेच्यांच्या या पिढीत तो सहसा नसतोच.

रूप साधं म्हणजे आतला मामलाही साधा, हा समज तर कुळातल्या दुसऱ्या प्रजातीनं पार मोडला. न्यू कॅलेडोनियातल्या मेसिप्टेरिस ओब्लान्सिओलाटाचा जनुकसंच सुमारे १६,००० कोटी अक्षरांचा असल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसाचा ३१० कोटींच्या आसपास. आजवर मोजलेल्या सजीवांत हा सगळ्यात मोठा. आधीचा विक्रम पॅरिस जपोनिका या जपानी फुलझाडाच्या नावावर होता. मेसिप्टेरिसच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर शंभर मीटरच्या वर जाईल. झाड मात्र वीतभर.