जिवाणूंचीच चहाडी

पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातून येणारा जिवाणू सापडताच कामा नये, असं भारतीय मानक सांगतं. एकसुद्धा नाही! लांबी जेमतेम दोन मायक्रॉन. मिलिमीटरभर रेघेवर पाचशे मावतील. सूक्ष्मदर्शकातून तो हुडकत बसलो तर जन्म जायचा. म्हणून शास्त्रज्ञांनी नामी शक्कल काढली : आपण शोधायचंच नाही, त्यालाच स्वतःची चहाडी करायला लावायची.

ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी शोधलेली, 1982 साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी, त्यात पाणी ओतायचं, उबेत ठेवायचं. मैल्यातून आलेले कित्येक जिवाणू सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात, तो पट्टीतल्या लोहाशी भिडतो आणि पाणी काळंकुट्ट होतं. ना वीज, ना यंत्र. खेड्यापाड्यांत ही बाटली अजून कामाला येते. वेळ मात्र लागतो, एखाद-दुसरा दिवस.

दुसरी युक्ती आणखी चलाख. साखरेसारख्या रेणूला चमकणारा पदार्थ जोडून आमिष टाकायचं. ई. कोलायचं विकर तो जोड तोडतं आणि अतिनील दिव्याखाली पाणी निळं उजळतं. साधारण 18 ते 24 तासांत निकाल. गंमत अशी, की माणसाला फार छळणाऱ्या ओ157 या ई. कोलायच्या वाणाकडे बहुधा ते विकर चालतच नाही, तो अंधारातच राहतो! पण पाण्यात मैला मिसळला असेल तर बाकीचे भाऊबंद चमकतातच, आणि धोक्याचा इशारा देण्यापुरतं तेवढं पुरतं.

आणि काही क्षणांत निकाल हवा असेल तर? मग काजव्याला बोलवा. बाल्टिमोरमध्ये विल्यम मॅकेलरॉय यांनी शेकड्याला 25 सेंट देऊन मुलांकडून काजवे गोळा करवले आणि 1947 मध्ये दाखवून दिलं, की काजव्याचा प्रकाश एटीपी या ऊर्जेच्या रेणूवर पेटतो. एटीपी प्रत्येक जिवंत पेशीत असतो. म्हणून जिवाणू फोडून त्यात काजव्याचं रसायन घातलं की लगेच उजेड पडतो. जितके जिवाणू, तितका लखलखाट. फक्त ते कोणते, साधे की घातक, हे हा उजेड सांगत नाही.

म्हणूनच खात्रीचा निकाल मिळायला अजूनही बहुतेक ठिकाणी दिवसभर थांबावं लागतं. तोवर शंकास्पद पाणी मिनिटभर खळखळून उकळा आणि मगच प्या.