खोसा समाज आणि मनाचे आजार

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात खोसा लोकांची मोठी वस्ती आहे. नेल्सन मंडेला याच समाजातले.

घरातला तरुण एकाएकी अबोल झाला, पूर्वजांची स्वप्ने पाहू लागला, त्याला आवाज ऐकू येऊ लागले, की घरचे लोक 'इगीखा'कडे, म्हणजे पूर्वजांचा कौल सांगणाऱ्या वैद्याकडे जातात. झाडपाल्याचे औषध देणारा वैद्य वेगळा. इगीखा एकेक गोष्ट सांगत जातो आणि नातेवाईक टाळ्या वाजवून 'सियावूमा', म्हणजे 'मान्य आहे', म्हणतात. निदान असे सर्वांसमक्ष ठरते.

निदाने मुख्यतः दोन. पहिले 'उकुथ्वासा'. हा शब्द नव्या चंद्राच्या उगवण्यालाही वापरतात. पूर्वजांनी या माणसाला वैद्य होण्यासाठी बोलावले आहे, असा त्याचा अर्थ. मग तो गुरूच्या घरी राहतो, अंगाला पांढरी माती लावतो, औषधी मुळ्या ओळखायला शिकतो, 'इन्त्लोम्बे' नावाच्या नृत्यसभेत नाचतो आणि आपली स्वप्ने सांगतो. दुसरे 'अमाफुफुन्याना'. यात रोगी परक्या आवाजात बोलतो, अनावर होतो. कोणी करणी केली, असे मानतात आणि ती बाधा काढण्याचे उपाय होतात.

आपल्याकडे 'अंगात येणे' आणि 'बाहेरची बाधा' यांत असाच भेद आहे. एकापुढे हात जोडतात, दुसऱ्यावर उतारा टाकतात.

अडचण अशी की लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. मनोविकारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया ठरवलेल्या खोसा रुग्णांनाही घरी यांपैकी एखादे नाव मिळालेले आढळते. पहिल्या नावाने माणसाला गुरू, सोबती, काम आणि मान मिळतो. दुसऱ्याने शेजाऱ्यावर किंवा नातलगावर संशय जातो. मनोविकारतज्ज्ञ वेरा ब्यूरमान यांनी खोसा वैद्यांसोबत काम करून 1984 साली त्यावर पुस्तक लिहिले. गाणे, नाच आणि स्वप्नकथन यांतली उपचारशक्ती त्यांनी गंभीरपणे घेतली. पुढे 2007 च्या कायद्याने पारंपरिक वैद्यांच्या नोंदणीची तरतूद केली.

तरीही रुग्ण अन्न टाकतो, जिवावर उठतो, तेव्हा विधींत महिने घालवणे धोक्याचे. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञ गाठलाच पाहिजे, हे मी होमिओपॅथीचा डॉक्टर असूनही निःसंकोच सांगतो. मात्र रुग्णाला तपासताना 'घरी याला काय म्हणतात?' हा प्रश्न कोणत्याही पॅथीच्या डॉक्टरने जरूर विचारावा. घरचे त्याच्याशी कसे वागत असतील, हे त्या उत्तरातून कळते, आणि औषध घरात टिकणार की नाही, हेही.