स्कॉटलंडच्या डोंगरांचीं नांवें

परक्या देशाचा नकाशा पाहतांना डोंगराचें नांव आपल्या लेखीं केवळ एक ध्वनि असतो. पण ज्यांनीं तें ठेवलें, त्यांना त्यांत डोंगराचें रूप दिसत होतें. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखांत याचा उत्तम प्रत्यय येतो. तेथील बहुतेक शिखरांचीं नांवें गेलिक भाषेंतील आहेत.

या नांवांची घडण साधी आहे. 'बेन' म्हणजे पर्वत आणि 'मोर' म्हणजे मोठा. म्हणूनच 'बेन मोर' नांवाचे पर्वत तेथें एकाहून अधिक आहेत. 'स्गूर' म्हणजे खडकाळ सुळका, 'कार्न' म्हणजे दगडांची रास. चढण समोर येण्यापूर्वींच तिचें स्वरूप नांवावरून कळतें.

कांहीं नांवांत त्या लोकांचा संसारच उमटला आहे. एटिव्ह नांवाच्या दरीच्या तोंडाशीं दोन पर्वत आहेत. एक एटिव्हचा थोरला गुराखी, दुसरा धाकटा. ज्यांचें जीवित गुरांवर अवलंबून होतें, त्यांना दरीवर पहारा करणारा पर्वत गुराखी वाटावा, हें स्वाभाविकच होय.

रंगांची गोष्ट आणखी मौजेची आहे. 'केर्नगॉर्म' या शिखराच्या नांवाचा अर्थ 'निळी रास'. नकाशांत हेंच नांव आतां साऱ्या पर्वतराजीला मिळालें आहे. परंतु तिचें जुनें गेलिक नांव 'तांबूस डोंगर' असें आहे! येथील ग्रॅनाइट खडक तांबूस आहे, आणि दुरून डोंगर निळे दिसतात. दोन्ही नांवें खरीं आहेत. शिवाय 'गॉर्म' हा शब्द गेलिकमध्यें हिरव्या गवतालाही लावतात. म्हणजे रंगांच्या सीमाही प्रत्येक भाषेनें आपापल्या परीनें आंखलेल्या असतात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढें सुमारें शंभर वर्षें जमीनदारांनीं मेंढ्यांच्या कुरणांसाठीं हजारों कुळांस तेथून हुसकून लावलें. कित्येक कुटुंबें समुद्रापार गेलीं. २०२२ सालच्या जनगणनेंत सुमारें ५४ लक्ष लोकवस्तींत गेलिक बोलूं शकणारे सुमारें ७०,००० च भरले.

नांवें मात्र राहिलीं. आज हजारों गिर्यारोहक तीं उच्चारतात. परंतु अर्थ विचारल्यावांचून त्यांना शिखर भेटतें, तें पाहणारा माणूस भेटत नाहीं. दरींतील गुराखी केव्हांच निघून गेले. त्यांच्या डोळ्यांनीं पाहिलेला डोंगर या शब्दांतच काय तो उरला आहे.